स्टेशनची टाकी

भर दुपारी, गाडी उभी असताना, माझ्या आयनं फलाटावर नाक घासलं. दगडी फलाट. उन्हानं तापलेला. डब्यांच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. एकजण केळ खात होता, त्याचं खाणं काय थांबलं न्हाय.

चूक माझी होती. मी नळ फिरवला होता.

मी तवा नऊ वर्षांची असंन. नक्की सांगता येत न्हाय, आमच्या घरात लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. आय स्टेशनावर झाडायला होती. आप्पा आधीच गेलता, लाकडाचा ओंडका अंगावर येऊन. मी आयच्या मागं मागं कचरा वेचत फिरायची. त्या दिवशी लई तहान लागली. आम्हाला पाणी द्यायची रीत अशी, की पाणक्याची मर्जी असली तर तो लांबून एका चेपलेल्या टमरेलातनं ओंजळीत ओतायचा. पाणक्या म्हंजे गाडीतल्या माणसांना पाणी वाढणारा म्हातारा बामण. तो जागेवर दिसला न्हाय. नळ समोर होता. मी फिरवला, ओंजळ धरली. पाणी ओठाला लागायच्या आत पाणक्यानं लांबनं फेकलेली काठी पाठीत बसली.

मास्तर हापिसातनं बाहेर आला. स्टेशन मास्तर धारवाडकडचा. मराठी चांगलं बोलायचा, पण राग आला की कानडी तोंडात यायचं. "होग अत्लाग," मला म्हणाला. म्हंजे तिकडं हो, लांब. मग आयकडं वळला.

"हिचा हात नळाला लागला. आता अख्ख्या गाडीला पाणी कुठलं देऊ? घास नाक."

किती वेळा ते आयनं विचारलं न्हाय. मास्तर पुरे म्हणेपर्यंत घासत राहिली. गाडी गेली. मग पाणक्यानं राखेनं आणि चिंचेनं तो नळ तासभर घासला, त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं. आयच्या नाकाची साल निघालीती. ती खाली मान घालून फलाटाचा उरलेला भाग झाडायला लागली.

आमचं स्टेशन बेळगावहून लोंढ्याकडं जाणाऱ्या लायनीवर, खानापूरच्या अलीकडं. लहानच. एक कौलारू हापिस, त्याला तिकिटाची खिडकी. थर्ड क्लासच्या माणसांना बसायला पडवी, पडवीत एक बाक. दोन कंदील. मागं मालाची शेड, तिच्यात जांबोटीकडनं आलेली लाकडं आणि भाताची पोती. आणि विहिरीशेजारी चार दगडी खांबांवर लोखंडाची टाकी. विहिरीवरचा हातपंप मारला की पाणी टाकीत चढायचं, टाकीतनं नळाला यायचं. वर्षाकाठी एकदा मोठा साहेब बघायला यायचा. मास्तर त्याला हात पसरून दाखवायचा, हे सगळं सगळ्या लोकांच्या सोयीसाठी.

सगळ्या लोकांच्या. आमचं तिकीट तो खिडकीतनं हातात देत नव्हता. खाली टाकायचा, मातीत. पुठ्ठ्याचा एवढासा तुकडा, वाऱ्यानं उडाला की आमचं माणूस त्याच्या मागं पळायचं आणि पडवीतली माणसं हसायची. बाकावर आम्ही बसायचं न्हाय. पडवीत पाऊस आला तरी शिरायचं न्हाय. आमच्या महारवाड्यातली म्हातारी माणसं सांगायची की ही विहीर आपल्याच लोकांनी खणली. पाणी लागेपर्यंत आत तेच होते. पाणी लागलं तसं त्यांना वर काढलं आणि काठावर पूजा मांडली. मला लहानपणी ते खोटं वाटायचं. माणसं असं करतील कशाला, असं वाटायचं.

नाक घासून आठ दिवस झाले असतील. मास्तर आमच्या वाड्याच्या तोंडाशी आला. मास्तर, महारवाड्यापाशी, स्वतःच्या पायानं! सगळे बघायला लागले. त्यानं आयला नावानं हाक मारली आणि म्हणाला, "तुझी थोरली बारीक आहे अंगानं. उद्या दुपारी घेऊन ये. काम आहे."

गोड आवाजात म्हणाला. 

काम टाकीचं होतं. टाकीचं तोंड घमेल्याएवढं. आत उतरून गाळ काढायचा, पत्रा घासायचा. पाणक्याच्या नावावर ते काम होतं, पण त्याचं पोट त्या तोंडातनं जाणं शक्य नव्हतं. हमाल म्हादू, मराठ्याचा गडी, तो म्हणाला, "आत साप आसतोय. मी न्हाय उतरत." टाकी तर धुवायला हवी, साहेब यायचा होता, पाण्यात किडे दिसायला लागले होते. मग मास्तरला माझी आठवण झाली. ज्या पोरीचा हात नळाला चालत नव्हता, तिला सगळीच्या सगळी टाकीत सोडायची.

ते कसं जमवलं ते ऐका. विहिरीपाशी मला उभी केली. पाणक्या लांब उभा राहिला आणि त्यानं माझ्या डोक्यावर गोमूत्राचं पाणी ओतलं. तोंडातल्या तोंडात काय काय म्हणाला. मग मास्तरला म्हणाला, "आता चालेल. आत असेपर्यंत दोष नाही." मी शिडीनं वर गेले, आत उतरले. विटेचा चुरा आणि नारळाच्या शेंड्या दिल्या होत्या. हातानं घासायचं, पायानं तुडवायचं, गाळ डब्यात भरून वर द्यायचा. म्हादू दोरीनं डबा ओढायचा. काम झालं, मी वर आले, शिडीवरनं खाली उतरले. खाली पाय टेकला तसा पाणक्या चार पावलं मागं सरला. "लांब, लांब हो."

म्हंजे आत असेपर्यंत मी शुद्ध. बाहेर आले की पुन्हा म्हारीण. नऊ वर्षांच्या पोरीला हे समजत न्हाय असं मोठ्या माणसांना वाटतं. मला तिथंच समजलं. फक्त बोलायचं कसं ते समजत नव्हतं.

वर्षातनं दोनदा मी उतरायची. पावसाळ्याच्या आधी एकदा, दिवाळीच्या पुढं एकदा. नेहमी दुपारी, दोन गाड्यांच्या मधी, फलाट मोकळा असताना. आयला मास्तरनं बजावलं होतं की ह्यातलं वाड्यात सुद्धा बोलायचं न्हाय. बोललीस तर झाडू दुसऱ्या बाईच्या हातात जाईल. आय बोलली न्हाय. मी पण न्हाय. आयच्या झाडूवर तीन पोटं होती. मी, आय आणि माझी धाकटी बहीण गंगी.

तेराव्या वर्षी की काय, एकदा गाडी वेळेआधी आली. मी आतच होते. अर्धा गाळ राहिला होता. वरनं मास्तरचा आवाज आला, "बाहेर काढू नका. झाकण लावा." आणि झाकण बसलं.

काळोख. चैत्राचं ऊन होतं. लोखंडाला हात लावता येत नव्हता, पाय सारखे बदलत होते. तळाशी नळाकडं जाणारा पाइप उघडा होता, कारण उरलंसुरलं पाणी जावं म्हणून पाणक्यानं खाली नळ सोडून ठेवला होता. त्या पाइपातनं थोडा गार वारा येत होता. मी गुडघ्यावर बसून तोंड पाइपाशी नेलं. वाऱ्याबरोबर आवाज आले. खाली नळापाशी माणसं बोलत होती ती कानात बोलल्यासारखी ऐकू येत होती.

पाणक्यानं आधीच घागरी भरून ठेवलेल्या होत्या, त्यातनं तो वाढत होता. निपाणीचे एक तंबाखूवाले शेटजी त्या गाडीनं नेहमी यायचे. जैन माणूस. तांब्यावर पांढरं फडकं धरून पाणी गाळून घ्यायचे, फलाटावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा आवाज मी ओळखला.

"मास्तर, ह्या स्टेशनाचं पाणी लई चोख बघा. फडक्यावर कण सुदीक ऱ्हात न्हाई. टाकी धुतंय कोण वो?"

"पाणक्या स्वतः धुतो. सोवळ्यात," मास्तर म्हणाला.

"व्हय, तरीच."

आणि पाणक्या? नुसता हसला. ते हसणं मी पाइपातनं ऐकलं.

मी ओरडू शकले असते. तोंड पाइपाशीच होतं. एक शब्द टाकला असता तर सगळ्या फलाटाला ऐकू गेला असता. मी ओरडले न्हाय. आयचा झाडू डोळ्यापुढं आला आणि मी दात दाबून बसले. मास्तरचा राग आला तो आला. माझा स्वतःचा जो राग आला, तो त्याच्याहून मोठा होता, आणि तो अजून उतरलेला न्हाय.

गाडी गेल्यावर झाकण काढलं. मला चक्कर येत होती. दोरी धरून कशीबशी वर आले, शिडीवरनं उतरले आणि पाणी मागितलं. घागरीत पाणी होतं, मला दिसत होतं. पाणक्या आत जाऊन आमचं ते टमरेल शोधत राहिला. सापडेना. बाहेर येऊन म्हणाला, "घरी जाऊन पी."

त्या दिवसापासनं माझा स्वभाव फिरला. लोक म्हणतात ही बाई संशयी आहे. आहेच. कुणी "बाळ" म्हणालं की मी बघते ह्याला काय पाहिजे. कुणी जवळ बोलावलं की मी बघते दार कुठं आहे. गावच्या शाळेतला एक मास्तर आमच्या वाड्यात येऊन म्हणायला लागला की तुमच्या पोरांना शाळेत घेतो. सगळ्या बाया खुश. मी विचारलं, आत का पडवीत? तो पुस्तकांचं बोलायला लागला. आय मला म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड न्हाय गं." मी म्हटलं, असू दे.

पंधरा सरलं त्या दिवाळीच्या पुढं मी टाकीच्या तोंडात अडकले. खांदे गेले, छाती अडली. आत जाईना, बाहेर येईना. झाकणाच्या कडेला डाव्या अंगाला पत्रा फाटलेला होता, तो खांद्यात रुतला. म्हादू वरच होता. त्यानं हात दिला असता तर क्षणात निघाले असते. पण मला शिवायचं कसं? मला गोमूत्र लावलेलं होतं, पण ते टाकीपुरतं. त्यानं दोरी काखेतनं घालायला सांगितली आणि ओढलं. खांदा फाटला. रक्त टाकीवरनं खाली आलं. मास्तर खालनं ओरडत होता, "आत पडू देऊ नका, रक्त आत पडू देऊ नका."

मी खाली उतरले. आय पदर लावून रक्त दाबत होती. मास्तर अगदी सहज म्हणाला, "धाकटी किती वर्षांची झाली गं?"

आयनं माझ्याकडं बघितलं न्हाय. म्हणाली, "आठ सरल्यात मास्तर."

रात्रभर भांडलो असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. पण आम्ही भांडलो न्हाय. आय एवढंच म्हणाली, "पाच-सा वर्सं. मग तीबी मोठी व्हईल. झाडू गेला तर खाऊ काय?" गंगी तिथंच खेळत होती. तिला टाकी बघायची हौस होती. ती मला विचारायची, "आक्का, आत गार आसतंय का गं?"

आठ दिवसांनी गंगीला उतरवायचं ठरलं. मला घरी थांबायला सांगितलं होतं. मी थांबले न्हाय. स्टेशनावर पोचले तवा विहिरीपाशी गंगी उभी होती, भिजलेली. डोक्यावरनं गोमूत्राचं पाणी ओघळत होतं आणि ती डोळे चोळत होती, डोळ्यांत गेलं होतं. म्हादू शिडीपाशी. पाणक्या मंत्र म्हणत होता. आय फलाटाच्या दुसऱ्या टोकाला झाडत होती, पाठ करून. मुद्दाम पाठ करून.

मी गंगीचा हात धरला. मास्तर म्हणाला, "सोड तिला, वेळ नाही." मी सोडला न्हाय. धरून तशीच उभी राहिले. तो ओढायला येऊ शकत नव्हता, कारण मला शिवावं लागलं असतं. ह्या विटाळाचा मला जन्मात एकदाच उपयोग झाला, तो त्या दिवशी. तो लांबनं ओरडत राहिला, शिव्या देत राहिला, मराठीत आणि कानडीत. मी गाडीची वाट बघत होते.

गाडी आली. माणसं उतरली, नेहमीसारखी घागरींभोवती गोळा झाली. शेटजी पण होते, तांब्या आणि फडकं घेऊन. मी गंगीला घेऊन त्यांच्या समोर गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"ही टाकी पाणक्या धुत न्हाय. मी धुती. सा वर्सं धुती. म्हारवाड्यातली हाय मी. आज हिला उतरवनार हायत, बगा, गोमूत घालून उभी केलीया."

कुणालाच काही समजलं न्हाय पहिल्यांदा. एकजण हसला. मग पाणी पिणाऱ्यांचे हात थांबले. शेटजी मास्तरकडं वळले. "व्हय का वो मास्तर?"

"वेडी आहे," मास्तर म्हणाला. "आईनं मारलं म्हणून बडबडते."

मी खांद्यावरचं लुगडं बाजूला केलं. त्या वेळी लाज वाटायला पाहिजे होती, वाटली न्हाय. जखम ताजी होती. मी म्हटलं, "झाकनाच्या डाव्या अंगाला पत्रा फाटलाय. वर चढून बगा. माझा खांदा आनि त्यो पत्रा जुळवून बगा."

शिडी लावलेलीच होती. चार पावलांवर. फलाटावर चाळीस-पन्नास माणसं असतील. एकानंही शिडीला हात लावला न्हाय. म्हादूला शेटजींनी विचारलं, तर तो जमिनीकडं बघत राहिला. मी तेवढ्यात ओळखलं, की ह्यांना बघायचंच न्हाय. चढून बघितलं तर ते खरं निघंल, आणि खरं निघालं तर सगळे बाटले. त्यापरीस मी वेडी असलेली त्यांना बरी.

मग मी नळापाशी गेले, नळ फिरवला. टाकी अजून पुरती रिकामी केलेली नव्हती, धार आली. गंगीला म्हटलं, पी. ती प्यायली. मी पण प्यायले. कुणी मारलं न्हाय. मारायला जवळ यावं लागलं असतं. घागरीपाशी एक म्हातारी बोटं घशात घालून वांती काढायला लागली. शेटजींनी तांब्या हळूच उपडा केला, फडकं झटकलं, घडी घातली आणि डब्यात जाऊन बसले. 

दुसऱ्या दिवशी आयचा झाडू गेला. गावानं आमच्या घराला काम देणं बंद केलं. वाड्यातली माणसं सुद्धा म्हणायला लागली की एवढं कशाला करायचं, चाललं होतं ते बरं होतं. आणि आय. आयनं मला मारलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. तिनं बोलणं सोडलं. भाकरी पुढं ठेवायची आणि तोंड फिरवायची.

तिकडं गावात वेगळीच गडबड. इतकी वर्षं त्या नळाचं पाणी प्यालेले सगळे घाबरले होते. बामणआळीत प्रायश्चित्तं चालू झाली. पाणक्याच्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. हे ऐकलं तवा मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं. त्या पोरीनं माझं काय केलं होतं. दोन दिवस घास गोड लागला न्हाय.

आणि मग बेळगावच्या टिळकवाडीहून बामणआळीनं बोलावलेले एक वकील आले. टांग्यातनं. मालाच्या शेडमधी खुर्ची टाकून बसले होते. मला आणि आयला बोलावणं आलं. मी गेले तर त्यांनी समोरच्या दुसऱ्या खुर्चीकडं हात केला. "बसा बाई."

बाई. आणि बसा. आणि खुर्ची. जन्मात मला कुणी असं बोललं नव्हतं. आयच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मनात आलं, हा कागद घेऊन आलाय. मी बसले न्हाय. उभी राहून टेबलाकडं बघितलं. कागद होता.

वकील चांगलं बोलले. म्हणाले, "तुमच्यावर अन्याय झाला हे मी मानतो. पण तुमच्या एका वाक्यामुळं किती घरं उद्ध्वस्त होतायत बघा. एका निरपराध मुलीचं लग्न मोडलं. तुम्ही एवढंच सांगायचं, की रागाच्या भरात खोटं बोलले. मग सगळं मिटतं. आईला काम परत. धाकटीला बेळगावात शाळेत घालायची जबाबदारी माझी." मग कागद वाचून दाखवला. मी कधीच टाकीत उतरले नाही, आईनं मारल्याच्या रागात बोलले, मला पश्चात्ताप होतो. खाली अंगठा.

शिवाय ते म्हणाले, "आणि तसंही, बाई, कोण सिद्ध करणार?"

मला वाचता येत न्हाय. पण ते वाचताना बोट फिरवत होते आणि मी बोटाकडं बघत होते. शेवटाकडं बोट एक ओळ सोडून खाली उतरलं. मी म्हटलं, "ती मधली राहिली."

"कायद्याची भाषा असते, तुम्हाला कळायची नाही."

"वाचा."

आय मला चिमटे काढत होती. मी पुन्हा म्हटलं, "वाचा."

त्यांनी वाचलं. मी, माझी बहीण आणि आमच्या घरातलं कुणीही ह्यापुढं स्टेशनाच्या नळाला, विहिरीला किंवा टाकीला हात लावणार नाही.

टाकीला सुद्धा. वर लिहिलं कधी उतरले न्हाय, आणि खाली ह्यापुढं हात लावणार न्हाय. मला हसायला आलं. खरंच आलं, आणि ते बघून वकिलांचा चेहरा उतरला.

आयनं माझे पाय धरले. त्या शेडमधी, लाकडाच्या भुश्यात, माझ्या आयनं माझे पाय धरले. "आंगठा दे गं. एकदा दे. काय जातंय तुझं?" शाईची डबी उघडी होती. वकिलांनी ती थोडी पुढं सरकवली. मी आयला उठवलं. तिचे हात सोडवताना मला रडू आलं, ते मी लपवलं न्हाय.

मी वकिलांना म्हटलं, "मी खोटं बोलले असं लिवलंय, म्हंजे ज्यांनी पानी प्यालं त्ये सुटले. आनि माजी सा वर्सं? ती टाकीत कुनी घालवली?"

ते म्हणाले, "विचार करा. मी पुढच्या आठवड्यात येतो."

आम्ही थांबलो न्हाय. पुढच्या आठवड्याआधी जांबोटीच्या रस्त्याला लागलो. तिकडं जंगलात लाकूडतोडीवर बायका लागायच्या. तीन दिवस चाललो. गंगी दमली की मी तिला घ्यायची, जखम नसलेल्या खांद्यावर. आय मागनं यायची. शेडमधल्या त्या दिवसानंतर ती चार महिन्यांनी माझ्याशी बोलली, ते सुद्धा मीठ संपलंय एवढंच.

तिथं पण वकिलांची माणसं दोनदा शोधत आली. एकदा पाटलाचा गडी, एकदा म्हादू. म्हादू माझ्याकडं न बघता म्हणाला, "दे की गं आंगठा. समद्यांचं भलं व्हईल." मी त्याला विचारलं, "तू वर व्हतास. दोरी तूच वडलीस. मी आत व्हते का न्हवते?"

तो म्हणाला, "मला काय इचारतीस."

तो कागद त्यांनी जपून ठेवलाय, असं ऐकते. अजून माणसं येतात, नवे कागद आणतात, आवाज आणखी गोड झालाय. आता म्हणतात, झालं गेलं विसरा, स्वराज्य येतंय. येऊ दे. स्वराज्यात सुद्धा मी टाकीत होते. त्यांनी प्यालेलं पाणी मी पायानं तुडवलेल्या टाकीतलं होतं. हे मी विचारणाऱ्याला सांगणार आणि न विचारणाऱ्याला पण सांगणार. गंगीला सांगून ठेवलंय, मी मेल्यावर माझा अंगठा घ्यायला आले तर हाताची मूठ बांधून जाळ.